कर्करोगावर लस : आशा किती, भरवसा किती?

परवा दुपारी गहू निवडत बसले होते, तोच समोरच्या वहिनी आल्या. एरवी त्या दारातूनच हाक मारतात; त्या दिवशी काही न बोलता आत येऊन बसल्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात घडी घातलेले रंगीत पत्रक. "ताई, हे जरा वाचा बरं. कॅन्सरवर लस निघालीय म्हणे. आपल्याच रक्तातून करतात. केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत, काही नाही!"

वहिनींच्या धाकट्या बहिणीला अंडाशयाचा कर्करोग निघाला आहे. ऑपरेशन झाले, केमोचे दोन डोस झाले. दुसऱ्या डोसानंतर कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले आणि तिने पुढचा डोस घ्यायचाच नाही असा हट्ट धरला. अशा वेळी हे पत्रक घरात आले. त्यातला खर्चाचा आकडा वाचून मी गप्पच झाले. वहिनी हातातल्या पाटल्या फिरवत म्हणाल्या, "ह्या मोडल्या तर निम्मे तरी जमतील. बाकीचं भाऊ बघतील. पण ताई, मग केमो थांबवायची ना?"

ह्या शेवटच्या प्रश्नाने मी दचकले. पत्रकात लिहिलेले सगळेच खोटे नव्हते. अशी लस खरोखरच आहे, तिच्यामागे चाळीस-पन्नास वर्षांचे संशोधन आहे, नोबेल पारितोषिकही आहे. पण खऱ्या गोष्टीला थोडे पाणी घालून विकले की ओळखणे फार कठीण जाते, हे दूध घेणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून ही लस काय आहे, ती काय करते आणि काय करत नाही, ते नीट समजून घ्यावे असे ठरवले. जे कळले ते तुमच्यापुढे मांडते.

ही लस वेगळी

लस म्हटले की आपल्याला बाळाचा दंड नि मांडी आठवते. गोवर, पोलिओ, घटसर्प, सगळ्या लसी रोग येण्याआधीच्या. पत्रकातली लस तशी नव्हे. ती रोग झाल्यावर द्यायची असते. रोग टाळणे हे तिचे काम नाही. झालेल्या कर्करोगाविरुद्ध शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणे हे तिचे काम. खरे म्हणजे तिला लस न म्हणता उपचार म्हणावे हेच बरे.

प्रतिकारशक्ती जागवून कर्करोग हटवायचा ही कल्पना मात्र हवेतली नाही. आपल्या दंडावर लहानपणच्या बीसीजीच्या लसीचा वण असतो ना? तीच क्षयाची लस मूत्राशयात सोडली तर तिथल्या कर्करोगाच्या गाठी पुन्हापुन्हा येण्याचे प्रमाण कमी होते, हे कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये दाखवले. मूत्राशयाच्या अस्तरापुरत्या राहिलेल्या कर्करोगावर आजही हा उपचार जगभर देतात. लशीतले जंतू कर्करोगाच्या पेशींना शोधून मारतात असे नाही; त्यांच्या येण्याने तिथली प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते.

फांद्या फुटलेली पेशी

आता मुख्य पात्राकडे येऊ. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला माणसाच्या कातडीत झाडासारख्या फांद्या फुटलेल्या काही पेशी दिसल्या. त्याला वाटले, ह्या मज्जातंतूंच्याच असणार. पुढे शंभर वर्षे त्यांचे खरे काम कुणाला कळले नाही.

मग आले राल्फ स्टाइनमन. १९४३ मध्ये कॅनडात जन्मलेले, दुकानदाराचे चिरंजीव. १९७० मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात झान्विल कोन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना एक अनोळखी पेशी दिसली. हिलाही फांद्या होत्या. ती त्या सारखी पसरायची, आखडायची. १९७३ मध्ये स्टाइनमन आणि कोन यांनी ती जगापुढे मांडली आणि तिला नाव दिले डेंड्रिटिक पेशी. ग्रीक भाषेत 'डेंड्रॉन' म्हणजे झाड. पत्नी क्लॉडिया हिचे नाव ह्या पेशीला द्यावे असेही स्टाइनमन यांच्या मनात होते म्हणतात! ते राहिले खरे, पण क्लॉडियाबाईंचा ह्या कथेशी संबंध पुढे फार वेगळ्या तऱ्हेने येणार होता.

ही पेशी इतकी विरळ की पुष्कळ शास्त्रज्ञांना तिचे महत्त्व पटेना. स्टाइनमन मात्र तिला चिकटून राहिले, ते जन्मभर.

वाड्यातल्या आजी

ह्या पेशीचे काम समजायला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. दिंडीदरवाज्याशी एक आजी बसलेल्या असत. हातात वाती वळायचे काम, पण लक्ष सगळे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. अनोळखी माणूस घुसला तर आजी स्वतः त्याला धरायला धावत नसत. त्या त्याचा चेहरा, टोपी, चाल मनात ठेवत आणि तडक चौकीवर जाऊन वर्दी देत. पुढचे काम पोलिसांचे.

डेंड्रिटिक पेशी ही अशी आजी. कातडी, फुप्फुसे, आतडी, जिथून जिथून बाहेरचा शिरकाव होतो तिथे तिथे ती फांद्या पसरून बसलेली असते. जंतू आला की ती त्याला गिळते, त्याचे बारीक तुकडे करते, आणि ते तुकडे आपल्या अंगावर मिरवत जवळच्या लसिकाग्रंथीत जाते. ही ग्रंथी म्हणजे चौकी. तिथे टी पेशी नावाचे शिपाई असतात. प्रत्येक शिपाई एकाच खुणेचा चोर ओळखतो. ज्याची खूण जुळली तो जागा होतो, त्याचे एकाचे हजारो होतात, आणि ते रक्तातून चोराच्या शोधात निघतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ते आठवते का? ती सुजलेली ग्रंथी म्हणजे गजबजलेली चौकीच.

कर्करोगात अडचण अशी, की चोर बाहेरचा नसतो. तो घरभेदी. आपलीच पेशी वाट चुकून बेसुमार वाढू लागते. आजीला तो घरातलाच मुलगा वाटतो. शिवाय डेंड्रिटिक पेशीला धोक्याची सूचना मिळाली नाही, तर ती शिपायांना 'हा आपलाच आहे, सोडून द्या' असेही सांगते. एका अर्थी हे चांगलेच आहे. नाहीतर आपले शरीर आपल्यालाच खाऊ लागेल. पण कर्करोग नेमका ह्याच सवलतीचा फायदा घेतो.

लस तयार कशी होते?

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, आजीला वाड्याबाहेर नेऊन चोराची टोपी हातात द्यावी, कानात धोक्याची घंटा वाजवावी आणि परत घरी आणून सोडावी. ही लस म्हणजे एवढेच.

पण त्यासाठी पेशी भरपूर हव्यात आणि रक्तात तर त्या अगदी थोड्या. इथे दोन स्त्रियांचे काम मोलाचे ठरले. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या कायो इनाबा यांनी स्टाइनमन यांच्याबरोबर १९९२ मध्ये उंदराच्या अस्थिमज्जेपासून ह्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत बसवली. १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे फेडेरिका सालुस्तो यांनी अंतोनियो लांझावेक्किया यांच्यासह माणसाच्या रक्तातल्या साध्या पांढऱ्या पेशींपासून त्या तयार करण्याचा मार्ग दाखवला. त्यानंतर हा उपचार माणसाच्या आवाक्यात आला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी लसिकाग्रंथीच्या कर्करोगाच्या चार रोग्यांवर केलेला पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला.

साधारण कृती अशी. रोग्याच्या हातातून रक्त एका यंत्रात घेतात. यंत्र त्यातल्या हव्या त्या पांढऱ्या पेशी काढून घेते आणि बाकीचे रक्त परत शरीरात सोडते. ह्याला काही तास लागतात. पुढे त्या पेशी प्रयोगशाळेत ठराविक उबेत, ठराविक प्रथिने घालून काही दिवस ठेवतात. विरजण लावल्यासारखेच म्हणा ना! ऊब कमी-जास्त झाली, भांडे स्वच्छ नसले तर दही बिघडते. इथे तर माणसाचा जीव असतो. पेशी तयार होत आल्या की त्यांना कर्करोगाची खूण देतात. कधी रोग्याच्याच गाठीचा अंश, कधी प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिन. मग त्या परत त्याच रोग्याला टोचतात. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. म्हणून ती दुकानात तयार मिळत नाही, आणि म्हणूनच इतकी महागही पडते.

हाती काय आले?

आता खरी गोष्ट. ह्या जातीचा अमेरिकेत मान्य झालेला पहिला उपचार म्हणजे 'प्रोव्हेंज'. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पसरलेला आहे आणि संप्रेरकांच्या औषधांना दाद देत नाही, अशांसाठी तिथल्या औषध प्रशासनाने २९ एप्रिल २०१० रोजी त्याला परवानगी दिली. त्याची मुख्य चाचणी ५१२ रोग्यांवर झाली होती. खरा उपचार मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान २५.८ महिने भरले, न मिळालेल्यांचे २१.७ महिने. म्हणजे फरक सुमारे चार महिन्यांचा. त्रास बहुधा थंडी, ताप, थकवा, पाठदुखी एवढाच, तोही एक-दोन दिवसांचा. पण रोगाची वाढ काही त्याने लांबली नाही. तीन डोसांची किंमत ९३,००० डॉलर, त्या वेळच्या भावाने चाळीस लाख रुपयांच्या वर! ते काढणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध मात्र पुढे दुसऱ्यांच्या हाती जाऊन चालू राहिले.

चार महिने! हा आकडा वाचून तुम्हीही माझ्यासारख्या थबकला असाल. ज्याच्या नातवाचा जन्म तीन महिन्यांवर आला आहे, त्याच्या लेखी चार महिने थोडे नाहीत. पण 'रोग बरा झाला' हे शब्द ह्या आकड्यात कुठे नाहीत, हेही तितकेच खरे.

मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमा नावाच्या वाईट गाठीवरच्या अशाच लशीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३३१ रोग्यांच्या ह्या चाचणीत नव्याने रोग निघालेल्यांपैकी १३ टक्के रोगी पाच वर्षांनी हयात होते. ज्यांच्याशी तुलना केली त्यांच्यात हे प्रमाण ५.७ टक्के होते. आशा वाटावी असा फरक. पण तुलना ज्यांच्याशी केली ते रोगी इतर चाचण्यांमधले होते, म्हणून जाणकारांत त्यावर मतभेद आहेत.

यश इतके थोडे का? कारण शिपाई जागे झाले तरी गाठीपाशी पोचल्यावर त्यांना गुंगवले जाते. शिपायांना निसर्गाने एक ब्रेक दिलेला असतो आणि कर्करोग तोच दाबून धरतो. हा ब्रेक सोडवण्याचा मार्ग शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. आता लस आणि ब्रेक सोडवणारे औषध ही जोडी करून पाहण्याचे प्रयत्न चालले आहेत.

स्वतःच रोगी झालेला शास्त्रज्ञ

स्टाइनमन यांची गोष्ट अर्धी राहिली होती. मार्च २००७ मध्ये त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. फार खोडसाळ रोग हा; पुष्कळजण वर्षाच्या आतच जातात. त्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढली, तिचे तुकडे जपून ठेवले, आणि ठिकठिकाणच्या सहकाऱ्यांनी आपापले ज्ञान पणाला लावले. स्वतःच शोधलेल्या पेशींची लस स्टाइनमन यांनी स्वतःला टोचून घेतली. तीही लपूनछपून नाही. रीतसर परवानग्या घेऊन, नोंदी ठेवून.

ते साडेचार वर्षे जगले, प्रयोगशाळेत जात राहिले. ३० सप्टेंबर २०११ रोजी, शुक्रवारी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते गेले. सोमवारी, ३ ऑक्टोबरला, स्टॉकहोममध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल जाहीर झाले. निवड करणाऱ्यांना ते गेल्याचे ठाऊकच नव्हते! नोबेल मृत व्यक्तीला देत नाहीत असा नियम. पण निर्णय ते हयात आहेत असे समजूनच घेतला होता, म्हणून तो कायम ठेवला गेला. डिसेंबरमध्ये क्लॉडियाबाईंनी नवऱ्याच्या वतीने तो मान स्वीकारला. ज्या पेशीला आपले नाव मिळता मिळता राहिले, तिचे पदक हातात घेताना त्यांना काय वाटले असेल, ते आपल्याला कळू शकते.

लशीमुळेच ते इतके जगले का? असे म्हणता येत नाही. त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, केमोही त्यांनी घेतली होती, इतर उपचारही चालू होते. ह्यातले कशाने किती केले ते एका माणसावरून ठरत नाही. वहिनींना मी हेच सांगितले: "ज्यानं ही पेशी शोधली, त्यानंसुद्धा केमो सोडली नाही हो."

आपल्याकडे काय?

भारतातही २०१७ मध्ये डेंड्रिटिक पेशींच्या एका उपचाराला काही ठराविक कर्करोगांसाठी औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आहे. म्हणजे हे नाव कानावर आले की लगेच फसवणूक समजायचे कारण नाही. पण परवानगी विशिष्ट उपचाराला, विशिष्ट रोगासाठी असते. 'कोणताही कॅन्सर, कोणतीही अवस्था, हमखास गुण' असे कुणी छापले असेल तर तिथे थांबावे.

दुसरा घोटाळा नावांचा होतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून झालेला 'कार-टी' उपचार २०२३ मध्ये मान्य झाला, हे तुम्ही वाचले असेल. तोही रोग्याच्याच पेशींपासून करतात, पण त्यात आजीला वगळून थेट शिपायांनाच बदलतात, आणि तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. एकाची बातमी दाखवून दुसरा उपचार कुणी गळी उतरवू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

पैसे भरण्याआधी एवढे विचारा

वहिनींसाठी मी एका कागदावर प्रश्न लिहून दिले. तेच इथे देते. कापून ठेवा, देव करो नि कधी लागू नयेत.

१. ह्या नेमक्या कर्करोगासाठी, ह्या अवस्थेत ह्या उपचाराला भारतात परवानगी आहे का? तिचा कागद दाखवाल का?

२. परवानगी नसेल तर ही चाचणी आहे का? असल्यास सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक आणि नीतिविषयक समितीची मान्यता दाखवा. आणि चाचणी असेल तर आमच्याकडून पैसे कशाचे?

३. आमच्यासारख्या किती रोग्यांना हा दिला, आणि न दिलेल्यांपेक्षा ते किती अधिक जगले? एखाद्याची बरे झाल्याची गोष्ट सांगणे म्हणजे उत्तर नव्हे.

४. चालू असलेला उपचार थांबवावा लागेल का? 'हो' म्हणाले तर नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

५. पेशी कोणत्या प्रयोगशाळेत वाढवणार, आणि बिघडल्या तर पुढे काय?

६. संमतिपत्र मराठीत आहे का? घरी नेऊन चारजणांत वाचायला देणार का? 'आजच सही करा' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावे.

आधी टोचायची लस

जाता जाता एक. कर्करोग होण्याआधी टोचायची लस मात्र आज आपल्या हाताशी आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूमुळे, एचपीव्हीमुळे, होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची त्यावरची लस २०२२ मध्ये मान्य झाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात. तुमच्या मुलीबद्दल, पुतणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि आपण स्वतः? तिशी उलटली की गर्भाशयमुखाची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यायची. वाणसामानाची यादी विसरत नाही आपण. ही तारीख तेवढी विसरतो.

वहिनी तो प्रश्नांचा कागद घेऊन बहिणीबरोबर तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पत्रक शांतपणे वाचले, आणि ही केमो पुरी होणे का महत्त्वाचे आहे, उलट्यांवर औषध कसे बदलून देता येईल, केस पुन्हा कसे येतात, ते सगळे बहिणीला समोर बसवून सांगितले. इतके दिवस तिला हे कुणी बसून सांगितलेच नव्हते. पत्रकातल्या केंद्रात फोन करून वहिनींनी पहिले दोन प्रश्न विचारले, तेव्हा "आधी येऊन तर जा" एवढेच उत्तर मिळाले.

तिसरा डोस गेल्या मंगळवारी झाला. बहीण डोक्याला वहिनींचाच निळा रुमाल बांधून गेली होती. पुढे काय होईल ते आज कुणी सांगू शकत नाही. पाटल्या मात्र अजून वहिनींच्या हातात आहेत. आणि त्या मोडायची वेळ आलीच, तर कशासाठी मोडायच्या हे त्यांना आता नीट विचारता येते.